डाव्या खांद्यावरचा डाग: केळीच्या बागेतलं एक प्रकरण

रावेर तालुक्यातली गोष्ट आहे. गाव सांगत नाही, माणसं ओळखू येतील असे तपशील बदललेत, पण केमिस्ट्रीचं जे काय आहे ते जसंच्या तसं ठेवलंय कारण सगळा मुद्दा तोच आहे. मी पूर्वी काही वर्षं प्रयोगशाळेत विषविश्लेषणाचं काम केलं, आता कॉलेजात केमिस्ट्री शिकवतो, आणि आमच्या घरी तीन पिढ्यांपासून केळी आहे. आरोपीच्या वकिलांनी मला बोलावलं ते प्रयोगशाळेच्या अनुभवासाठी, पण खरं कामाला आलं ते घरचं केळीचं ज्ञान.

मे महिना, रावेरचं ऊन माहितीच आहे सगळ्यांना. सकाळी सहाला कापणीची टोळी बागेत पोचली तर पंपाच्या खोलीशेजारी हौदाच्या कडेला बागेवरचा सालदार उताणा पडलेला, डोक्याला मागून जखम, खाली रक्त सुकलेलं, जीव गेलेला. आदल्या संध्याकाळी त्याची आणि टोळीतल्या एका मजुराची हजेरीवरून बाचाबाची झाली होती, ती चारचौघांनी ऐकलेली, आणि तो मजूर रागात "तुले पाहून घेईन" असं बोलून गेला होता. झालं. आधी एडी, म्हणजे अकस्मात मृत्यूची नोंद, दाखल झाली, पोलीस आले, पंचनामा सुरू झाला आणि सगळ्यांची नजर त्या मजुराच्या सदऱ्यावर गेली, कारण डाव्या खांद्यावर आणि तिथून खाली पाठीवर ओघळलेले तपकिरी-काळे डाग होते, डाव्या बाहीच्या टोकालाही एक डाग होता.

किटमधली चाचणी तिथेच झाली. ओला बोळा खांद्याच्या डागावर घासला, त्यावर थेंब टाकले, बोळा गुलाबी झाला. पंचनाम्यात वाक्य आलं की सदऱ्यावरील डागांची रक्ताकरिता चाचणी घेतली असता ती सकारात्मक आली. संध्याकाळपर्यंत खुनाचं कलम १०३ लागलं आणि तो आत गेला.

ह्या वाक्यात एक शब्द नाही. "संभाव्य". ही चाचणी रक्त असण्याची शक्यता सांगते, रक्त आहे असं सांगत नाही, आणि हा एक शब्द न लिहिल्यामुळे एका माणसाचे अडीच महिने गेले. मला हे कुणावर ढकलायचं नाहीये, ज्यांनी चाचणी केली त्यांनी दिलेल्या पायऱ्या बरोबरच केल्या होत्या, पण पायऱ्या शिकवताना केळीचा चीक कुणी शिकवत नाही.

त्याची आई पहिल्याच दिवशी सांगत होती. पोलीस स्टेशनच्या ओट्यावर बसून जो येईल त्याला सांगायची, "रगत नाही ते सायेब, केयीचा डाग हाये, किती धुतला तरी जात नाही तो." तिचं कुणी लिहून घेतलं नाही. आरोपीची आई अजून काय बोलणार असंच सगळ्यांना वाटलं असणार. मला वकिलांनी फोनवर प्रकरण सांगितलं तेव्हा मी पहिला प्रश्न विचारला की डाग कुठल्या खांद्यावर आहे आणि तो घड कुठल्या खांद्यावर वाहतो. वकील दोन मिनिटं गप्प झाले.

ज्यांनी कापणी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. घड कापला की दांड्याच्या कापातून पाण्यासारखा चीक गळतो, ताजा असताना त्याला जवळपास रंगच नसतो. वाहणारा माणूस घड खांद्यावर घेतो आणि तो चीक खांद्यावर, मानेमागे, पाठीवर ओघळतो. केळीत डोपामिनसारखी फिनॉलिक द्रव्यं आणि पॉलिफेनॉल्स असतात आणि पॉलिफेनॉल ऑक्सिडेज नावाचं एन्झाइम असतं, हवा लागली की ही सगळी मिळून तपकिरी रंगद्रव्य बनवतात, कापलेलं केळं काळं पडतं तेच. कापडावर टॅनिनसकट ते असं बसतं की साबण, सोडा, ब्लीच, काही चालत नाही. सुकलेल्या रक्ताशेजारी ठेवलं तर नुसत्या डोळ्यांना फरक कळणं अवघड आहे, मी ठेवून पाहिलंय.

आता तो गुलाबी रंग कुठून आला ते बघू. किटमधली चाचणी कॅसल-मेयर नावाची, विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीची. दहावीत आपण आम्ल-आम्लारीच्या प्रयोगात वापरतो तेच फिनॉल्फ्थॅलिन, फक्त जस्ताची पूड आणि कॉस्टिक पोटॅशबरोबर उकळून त्याचा रंग काढून टाकलेला असतो. बोळ्यावर आधी थोडं अल्कोहोल, मग हे बिनरंगी द्रावण, मग हायड्रोजन पेरॉक्साइडचा थेंब. रक्तातल्या हिमोग्लोबिनमधला हीम हा लोखंडवाला भाग पेरॉक्साइड तोडतो आणि त्या ऑक्सिजनने बिनरंगी द्रावण परत गुलाबी होतं. फार थोड्या रक्तालाही ही चाचणी पकडते म्हणून ती चांगली आहे, शंभर वर्षं टिकली ती उगाच नाही.

पण हे काम फक्त हीमच करतं असं नाही. वनस्पतींमध्ये पेरॉक्सिडेज नावाची एन्झाइम्स असतात त्यांचं नावच सांगतं की ती काय करतात. मुळा, बटाटा, कोबी, आणि आपली केळी, सगळ्यांत आहेत. मग तांब्याचे क्षार आहेत. करप्यासाठी बागेत कॉपर ऑक्सिक्लोराइड मारतात, मोरचूद तर घरोघरी असतं, आणि तांबं कधी कधी पेरॉक्साइड टाकायच्या आधीच रंग देऊन जातं. म्हणूनच थेंब एका वेळी एकच टाकायचा आणि मधे थांबून बघायचं हा नियम आहे. दुसरा नियम वेळेचा. रक्ताचा रंग काही सेकंदात येतो, आणि अर्ध्या मिनिटानंतर आलेला रंग मोजायचाच नाही कारण नुसत्या हवेनेसुद्धा ते द्रावण हळूहळू गुलाबी होतं. आमच्या पंचनाम्यात रंग किती सेकंदात आला, कुठल्या थेंबानंतर आला, सदऱ्याच्या स्वच्छ भागावर तीच चाचणी करून पाहिली का, ह्यातलं काहीच नव्हतं.

मी कोर्टात सांगायच्या आधी स्वतः करून बघायचं ठरवलं. पांढऱ्या सुती कापडाचे आठ तुकडे कापले, चार तुकड्यांवर आमच्याच पिलबागेतल्या घडाच्या दांड्याचा चीक टिपला, चारांवर बोट टोचून माझं रक्त. दोन दिवस व्हरांड्यात सावलीत वाळवले. मग लॅबमध्ये चाचणी केली. रक्ताचा तुकडा पेरॉक्साइड पडताक्षणी गडद गुलाबी. चिकाचा तुकडासुद्धा गुलाबी झाला, पण जरा उशिरा, फिकट, आणि डागभर एकसारखा नाही तर ठिपक्याठिपक्यांनी. घाईत असलेला माणूस त्याला सकारात्मकच म्हणेल, मीही म्हटलं असतं. मग दोन्हीचे दुसरे तुकडे परीक्षानळीत थोडं पाणी घालून उकळत्या पाण्यात ठेवले, थंड केले आणि पुन्हा चाचणी केली. रक्त पुन्हा गुलाबी, चीक गप्प. कारण पेरॉक्सिडेज हे प्रथिन आहे, उकळलं की त्याचा आकार मोडतो आणि काम बंद पडतं, तर हीमला उकळण्याने फरक पडत नाही. ही युक्ती जुनी आहे, पुस्तकात आहे, खर्च शून्य. खांद्याच्या डागावर ती आधी झाली असती तर बाकीचं लिहायची वेळच आली नसती.

सदरा प्रयोगशाळेत गेला तो मात्र ओला, प्लॅस्टिकच्या पिशवीत. मे महिन्यात. घामाचा, चिकाचा ओला कपडा प्लॅस्टिकमध्ये बांधला की आत बुरशी धरते आणि डीएनए सडतो, कपडा सावलीत वाळवून कागदी पाकिटात घालायचा असतो. हे सांगताना मला खरंच वाईट वाटतं, कारण एवढ्या एका गोष्टीने पुढच्या महागड्या मशिनी आंधळ्या होतात.

सीए रिपोर्ट, म्हणजे रासायनिक विश्लेषकाचा अहवाल, आला तो दोन ओळींचा. निशाणी सदरा, मानवी रक्त आढळले. डीएनए प्रोफाइल मिळू शकले नाही. सरकारी बाजूने ह्याचा अर्थ सरळ लावला की रक्त आहे, डीएनए सडला, आणि चीक-बिक हा बचाव आहे. मला रिपोर्ट वाचून धक्काच बसला, कारण माझा तर्क होता की रक्त निघणारच नाही. मग वकिलांनी अर्ज करून मूळ नोंदी मागवल्या, म्हणजे कुठल्या डागावर काय झालं ते पानापानाने. इथे प्रयोगशाळेबद्दल चांगलं बोललंच पाहिजे, नोंदी स्वच्छ होत्या, प्रत्येक डागाला वेगळा नंबर होता, फक्त रिपोर्टात ते सगळं एका ओळीत दाबलं गेलं होतं.

नोंदीत दिसलं ते असं. खांद्याच्या आणि पाठीच्या डागांवर ताकायामा चाचणी नकारात्मक. ह्यात डागाचा कण काचपट्टीवर घेऊन पिरिडिनचं द्रावण घालून गरम करतात, हीम असेल तर सूक्ष्मदर्शकाखाली पिसासारखे गुलाबी स्फटिक उगवतात. खांद्यावर स्फटिक नाहीत. मानवी हिमोग्लोबिनची कार्ड चाचणी, जी गर्भचाचणीच्या पट्टीसारखीच दिसते आणि अँटिबॉडीवर चालते, तीही खांद्यावर नकारात्मक. पण बाहीच्या टोकाच्या डागावर दोन्ही सकारात्मक. म्हणजे सदऱ्यावर मानवी रक्त होतं, ते खरंच होतं, फक्त बाहीवर, शेंगदाण्याएवढ्या जागेत. ज्या खांद्याच्या डागावरून अटक झाली तो रक्ताचा नव्हताच.

आता प्रश्न उरला की बाहीवरचं रक्त कुणाचं. आणि इथेच मला ह्या प्रकरणातला सगळ्यात शिकण्यासारखा भाग वाटतो, म्हणून जरा सावकाश सांगतो.

डीएनए मिळाला नाही ह्या वाक्याचे दोन अर्थ होतात आणि दोघांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. एक, नमुन्यात डीएनए नाहीच किंवा पार तुटून गेलाय. दोन, डीएनए आहे पण त्याच्या प्रती काढणारं एन्झाइम कशाने तरी अडलंय. डीएनए मोजताना आजकाल रिअल टाइम पीसीआर करतात, म्हणजे प्रत्येक फेरीत प्रती दुप्पट होताना चमक वाढते ती मशीन टिपतं. ह्यात प्रत्येक नमुन्याबरोबर प्रयोगशाळा स्वतःचा एक ठराविक डीएनएचा तुकडा मुद्दाम टाकते, त्याला अंतर्गत नियंत्रण म्हणा. तो तुकडा ठरलेल्या फेरीला चमकलाच पाहिजे. तो जर उशिरा चमकला किंवा चमकलाच नाही तर दोष डीएनएचा नाही, नमुन्यात काहीतरी अडथळा आहे. मातीतलं ह्युमिक आम्ल, जीन्सची निळ, रक्तातला हीमच, आणि वनस्पतींची पॉलिफेनॉल्स, हे सगळे नामांकित अडथळे आहेत.

बाहीच्या नमुन्यात अंतर्गत नियंत्रण उशिरा चमकलं होतं. आलेखात ते स्वच्छ दिसत होतं. त्या बाहीवर रक्ताच्या आधीपासून केळीचा चीक होता, कितीतरी थरांनी, आणि डीएनए काढताना चिकातली पॉलिफेनॉल्स बरोबर आली होती. म्हणजे तोच चीक खांद्यावर रक्त असल्याचा भास देत होता आणि बाहीवर खऱ्या रक्तातला डीएनए लपवत होता.

कोर्टाने उरलेल्या कात्रणावर पुन्हा काम करायला सांगितलं. ह्या वेळी चुंबकीय मण्यांनी डीएनए धुऊन घेतला, म्हणजे डीएनए मण्यांना चिकटतो, बाकीची घाण धुऊन टाकायची, मग डीएनए सोडवून घ्यायचा, मग तो विरळ करून चालवला आणि त्यात गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन हे प्रथिन घातलं, ते अडथळे स्वतःकडे ओढून घेतं. वीसहून जास्त जागांचं एसटीआर प्रोफाइल, म्हणजे माणूस ओळखायचा डीएनएचा ठसा, निघालं. एकाच पुरुषाचं, आणि तो पुरुष म्हणजे तो मजूर स्वतः. सालदाराच्या प्रोफाइलचा मागमूस नाही.

इथे मी वकिलांना थांबवलं, कारण ते खूश होऊन लगेच लिहायला निघाले होते की रक्त आरोपीचंच असल्याचं सिद्ध. असं म्हणता येत नाही. सदरा त्याच्या अंगात होता, घामाने आणि कातडीच्या पेशींनी त्याचा डीएनए त्या बाहीवर असणारच, रक्त असो नसो. प्रोफाइल सांगतं की हा डीएनए कुणाचा, तो रक्तातून आला की घामातून हे सांगत नाही. म्हणून आम्ही तीन गोष्टी शेजारी ठेवल्या. कार्डाने सांगितलं की डाग मानवी रक्ताचा आहे. प्रोफाइलमध्ये दुसरा माणूस नाही, आणि बाहीवर सालदाराचं दिसण्याइतकं रक्त असतं तर त्याचा डीएनए घामातल्या डीएनएपेक्षा वर आला असता. आणि अटकेच्या वेळच्या वैद्यकीय तपासणीत डाव्या अंगठ्यावर भरत आलेली काप नोंदलेली होती, घड कापणाऱ्यांच्या हाताला ती नेहमीच असते. तिन्ही मिळून वजन पडतं, एकेकट्याने पडत नाही.

जामीन ह्यावर झाला. पण प्रकरण संपलं नाही, कारण सालदार कसा मेला हे कुणीच सांगितलेलं नव्हतं, आणि मला तर त्याचीही तितकीच काळजी वाटत होती, त्याच्याही घरी माणसं होती.

शवविच्छेदनात मृत्यूचं कारण राखून ठेवून व्हिसेरा, म्हणजे आतल्या अवयवांचे नमुने, पाठवलेला होता, नेहमीसारखा मिठाच्या संपृक्त द्रावणात, आणि रक्त मांडीच्या शिरेतून घेऊन सोडियम फ्लोराइडच्या बाटलीत. हे डॉक्टरांचं काम उत्तम होतं. फ्लोराइड नसेल तर जंतू बाटलीतच दारू तयार करत बसतात, आणि छातीतलं रक्त घेतलं तर मेल्यावर यकृत-फुप्फुसातून औषधं त्यात पाझरून आकडा फुगतो. दुसरी एक नोंद डॉक्टरांनी केली होती जिच्याकडे आधी कुणी लक्ष दिलं नाही. जखम डोक्याच्या मागे, पण मेंदूला मार पुढच्या बाजूला. उभा माणूस उताणा पडून डोकं आपटतो तेव्हा कवटी थांबते, मेंदू हेलकावा खातो आणि समोरच्या बाजूला चेंगरतो. स्थिर डोक्यावर मागून काठी बसली तर मार सहसा काठीखालीच असतो. म्हणजे शवविच्छेदनाचा कागदच पडल्याचं सुचवत होता.

मग पडला का? पहिल्या तपासणीत रक्तात दारू निघाली, विष आढळले नाही असं लिहून आलं. लोक म्हणाले पिऊन पडला, संपलं. पण मे महिन्यात जवळजवळ दीड दिवसाने शवविच्छेदन झालेलं प्रेत, त्यात जंतू साखरेपासून स्वतःच दारू तयार करतात, हे विसरून चालत नाही. खरंच प्यायला होता का हे बघायला एथिल ग्लुकुरोनाइड शोधतात, ते जिवंत माणसाच्या यकृतात दारूवर प्रक्रिया होऊन बनतं, नुसत्या सडण्याने सहसा बनत नाही. लघवीत ते मिळालं. म्हणजे प्यायला होता. पण दारूचं प्रमाण असं नव्हतं की रोज घेणारा माणूस कोलमडून पडावा.

पंपाच्या खोलीत एका चुन्याच्या डबीत पाचसहा सुट्या गोळ्या मिळाल्या होत्या, पट्टी नाही, नाव नाही. धुळे-मालेगावकडे ज्याला कुत्ता गोळी म्हणतात ती अल्प्राझोलमची गोळी इकडे सगळ्यांना ऐकून माहीत आहे, पण ऐकून माहीत असणं आणि गोळीत काय आहे हे माहीत असणं वेगळं. हातात धरायचं रामन यंत्र आता बऱ्याच ठिकाणी आहे, लेझर मारला की पदार्थाचा ठसा स्क्रीनवर, पाकीट न उघडता. पांढऱ्या पावडरीला ते छान चालतं. ह्या गोळ्यांवर ते चाललं नसतं, कारण अर्धा मिलिग्रॅमची गोळी साधारण शंभर मिलिग्रॅम वजनाची, म्हणजे औषध अर्धा टक्का आणि बाकी लॅक्टोज, स्टार्च, सेल्युलोज. यंत्र तुम्हाला इमानदारीने लॅक्टोज दाखवेल. म्हणजे इथेसुद्धा तोच प्रकार, यंत्र खोटं बोलत नाही, आपण त्याला जे विचारलं नाही ते त्याने सांगितलं असं आपण धरतो. गोळ्या आणि रक्त दोन्ही मग एलसी-एमएस-एमएसवर गेले.

हे यंत्र आधी मिश्रण नळीतून सावकाश वाहू देऊन वेगळं करतं, मग रेणूंना विद्युतभार देऊन वजनानुसार निवडतं, निवडलेला रेणू वायूच्या कणांवर आपटून फोडतं आणि तुकड्यांचं वजन करतं. अल्प्राझोलमचा भारित रेणू ३०९, तो फुटून २८१ आणि २०५ चे तुकडे देतो, ठराविक वेळेला आणि ठराविक प्रमाणात. तिन्ही जुळले तरच हो. शरीरातून गेल्यावर यकृत त्याचं हायड्रॉक्सी-अल्प्राझोलम बनवतं, त्याचा ३२५, तो सापडला म्हणजे गोळी नुसती तोंडात ठेवलेली नव्हती, जिवंतपणी पचनी पडली होती. रक्तात ही औषधं मिलिलिटरमागे नॅनोग्रॅममध्ये असतात, जुन्या पातळ थराच्या क्रोमॅटोग्राफीला तेवढं दिसतच नाही, म्हणून पहिला रिपोर्ट कोरा आला होता. तो रिपोर्ट चुकीचा होता असं मी म्हणणार नाही, त्या पद्धतीच्या नजरेला जेवढं दिसतं तेवढंच त्यात होतं. फक्त "आढळले नाही" च्या पुढे "अमुक पद्धतीने, अमुक प्रमाणापर्यंत" हे लिहायला हवं.

रक्तात अल्प्राझोलम निघालं, हायड्रॉक्सीही निघालं. गोळ्याही त्याच. मग लगेच पुढचा संशय की कुणी दारूत घालून पाजलं का. ह्याचं उत्तर केसांनी दिलं. जखमेभोवतीचे आणि डोक्यावरचे केस शवविच्छेदनात घेऊन ठेवलेले होते, तुलनेसाठी. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो, मुळाकडचा सेंटिमीटर म्हणजे गेला महिना, त्यापुढचा त्याआधीचा. तुकडे करून धुऊन तपासले तर प्रत्येक तुकड्यात अल्प्राझोलम होतं, जेवढी लांबी तेवढ्या महिन्यांचं. त्याच्या बायकोला विचारलं तेव्हा ती म्हणाली की रात्री पाणी देण्याची पाळी, दिवसा झोप येत नव्हती, बाजारच्या दिवशी गोळ्या आणायचे. हे आधी कुणी विचारलंच नव्हतं. दारू आणि अल्प्राझोलम दोन्ही मेंदूला एकाच दिशेने दाबतात, एकमेकांचा जोर वाढवतात, तोल जातो. हौदाची कड ओली, शेवाळलेली.

गोळ्यांवरून एक गोष्ट सांगून टाकतो, कारण इकडे अशा केसेस वाढतायत. अल्प्राझोलम एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याखाली येतं, थोडी मात्रा ५ ग्रॅम आणि व्यावसायिक मात्रा १०० ग्रॅम. २०२० मध्ये हिरा सिंग निकालात सुप्रीम कोर्टाने ठरवलं की मिश्रणात फक्त शुद्ध औषध नाही तर सगळं वजन धरायचं. म्हणजे शंभर मिलिग्रॅमच्या हजाराहून थोड्या जास्त गोळ्या, ज्यात शुद्ध औषध जेमतेम अर्धा ग्रॅम आहे, त्या १०० ग्रॅमच्या वर जातात आणि जामिनाला कलम ३७ आडवं येतं. म्हणून गोळीत नेमकं काय आहे हे मशिनीने पक्कं झाल्याशिवाय नुसत्या बोलीभाषेतल्या नावावर कागद लिहू नये.

सदऱ्याकडे परत येतो. ह्या सगळ्यात बाहीचं कापड दोनदा कातरलं गेलं आणि शेवटी जेमतेम नखाएवढं उरलं होतं, आणखी एकदा चूक झाली असती तर उत्तर कायमचं गेलं असतं. म्हणून मला नव्या पद्धतींमध्ये सगळ्यात जास्त आशा वाटते ती कापड न कातरता बघणाऱ्या पद्धतींची. अवरक्त किरणांच्या यंत्रावर डाग नुसता स्फटिकावर दाबून धरला तर रक्ताची प्रथिनं १६५० आणि १५४० प्रति सेंटिमीटरच्या आसपास दोन ठळक पट्टे देतात. पण सुती कापडाचं सेल्युलोज हजार ते साडेअकराशेच्या पट्ट्यात इतकं ओरडतं की बाकीचं ऐकू येत नाही, म्हणून स्वच्छ कापडाचा आलेख वजा करावा लागतो. रामनने शरीरद्रव्यं ओळखण्यावर अमेरिकेत आल्बनी विद्यापीठात इगोर लेडनेव्ह यांच्या गटाने बरंच काम केलंय, पण चिकातली पॉलिफेनॉल्स लेझरखाली स्वतःच चमकतात आणि त्या उजेडात ठसा बुडतो. मला आपल्याकडच्या डागांसाठी हायपरस्पेक्ट्रल फोटो जास्त जवळचा वाटतो. त्यात फोटोच्या प्रत्येक ठिपक्याला पूर्ण वर्णपट असतो, आणि रक्तातला हीम ४१५ नॅनोमीटरजवळ प्रकाश असा गिळतो की तिथे खोल खड्डा दिसतो. केळीच्या तपकिरी रंगाला तो खड्डा नाही, त्याचा उतार सपाट घसरत जातो. सदरा टेबलावर पसरला, एक फोटो काढला की खांदा वेगळा आणि बाही वेगळी दिसली असती, पहिल्याच दिवशी, एक धागाही न तोडता.

तपास अधिकाऱ्यांनी शेवटी सी समरी, म्हणजे गुन्हा गैरसमजातून नोंदला गेला असा अहवाल, पाठवली, कोर्टाने मान्य केली. ते अधिकारी नंतर मला भेटले, आणि माझ्या त्या आठ तुकड्यांतले उरलेले चार मागून घेऊन गेले, पोरांना दाखवायला म्हणून. मी प्रत्येकावर तारीख आणि काय लावलंय ते लिहून कागदी पाकिटात दिले.

पुढच्या कापणीला तो मजूर आमच्याच बागेत टोळीबरोबर आला होता. जुना सदरा मुद्देमालात होता, हा नवा, पांढऱ्यावर निळ्या रेघा. दुपारी सावलीला बसला तेव्हा मी बघितलं, डाव्या खांद्यावर, तिथून पाठीवर खाली ओघळलेला, तोच डाग.